लॉख नेसचा ‘राक्षस’ आणि १९३४ चा फोटो

‘स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवरात अजस्र प्राणी आहे, हा घ्या पुरावा’ असं म्हणत लांब मानेचा एक कृष्णधवल फोटो वर्षानुवर्षं फिरतो आहे. फोटो १९३४ साली छापून आला, हे खरं. पण ती मान खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली होती. बनवणाऱ्यांपैकी एकाची कबुली १९९४ मध्ये उघड झाली.

कबुली बाजूला ठेवली तरी फोटो स्वतःच बोलतो. सर्वत्र दिसतो तो कापलेला भाग. मूळ पूर्ण चौकट शोधून पाहा: भोवती पाणीच पाणी, त्यात मान चिमुकली. मग वाऱ्याने उठलेल्या बारीक तरंगांशी तिची उंची ताडून बघा. ती अजस्र नाही, हे लक्षात येतं. फसलेल्यांना दोष देता येणार नाही. कापलेल्या चौकटीत आकाराचा अंदाज यावा असं फारसं काही उरलं नव्हतं.