रिंग वाजते, पण आवाज एकाच बाजूने का?

ऑफिसची फोन यंत्रणा क्लाउडवर नेली की एक तक्रार हमखास येते. फोन वाजतो, उचलताही येतो, आपलं बोलणं समोरच्याला ऐकू जातं. त्याचं मात्र आपल्याला काहीच ऐकू येत नाही. मग आधी रिसीव्हर बदलला जातो, नंतर अख्खा फोन. दोष बहुतेक वेळा पत्त्यात असतो, म्हणजे नेटवर्कवर फोनला ओळखणाऱ्या आकड्यांत (आयपी पत्त्यात).

केबल लावल्यावर आयपी फोनला पहिली माहिती मिळते ती स्विचकडून: त्याने कोणत्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच नेटवर्कच्या कोणत्या वेगळ्या कप्प्यात बसायचं. जोडलेली उपकरणं एकमेकांना ओळख सांगतात त्या एलएलडीपी प्रोटोकॉलमधून कप्प्याचा आकडा येतो, समजा २०. फोनच्या मागे दोन सॉकेट असतात, एक भिंतीकडे जाणारं आणि एक कॉम्प्युटरला पुढे जोडणारं. वायर एकच असली तरी फोनच्या पॅकेटांवर (माहितीच्या छोट्या तुकड्यांवर) २० चा टॅग लागतो, कॉम्प्युटरची पॅकेटं टॅगशिवाय जातात. ही विभागणी टाळली तर पत्ते पुरत नाहीत. २५५.२५५.२५५.० मास्कच्या (नेटवर्क किती मोठं ते ठरवणाऱ्या आकड्याच्या) नेटवर्कमध्ये वापरता येणारे पत्ते २५४. टेबलं १३० असतील, तर फोन आणि कॉम्प्युटर मिळूनच २६० होतात. गेटवे (नेटवर्कमधून बाहेर जाण्याचं दार) आणि प्रिंटर अजून धरलेलेच नाहीत. (टेबलं हलवताना भिंतीतल्या दोन वायरी फोनच्या दोन्ही सॉकेटांत खोचल्या जातात, तेव्हा लूप तयार होतो आणि स्विचवर त्याचा बंदोबस्त नसेल तर पूर्ण मजल्याचं नेटवर्क बसतं.)

पुढचं काम डीएचसीपीचं, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या प्रोटोकॉलचं. चार संदेशांची देवाणघेवाण होऊन फोनला पत्ता, मास्क आणि गेटवे मिळतो. त्याच संदेशांतल्या पर्याय क्रमांक ६६ मध्ये सर्व्हरचा पत्ता येतो, तिथून फोन आपली सेटिंगची फाइल उतरवतो. त्या फाइलच्या नावात सहसा फोनचा मॅक पत्ता असतो, म्हणजे फोनच्या पाठीवर छापलेली १२ अक्षरं. म्हणूनच बिघडलेल्या फोनच्या जागी नवा लावला आणि सर्व्हरवर मॅक बदलायचा राहिला, तर स्क्रीन उजळते पण एक्स्टेंशन येत नाही.

आता कॉल. तो जोडण्याचं काम सिप हा प्रोटोकॉल करतो, बहुतेक करून ५०६० या पोर्टवर (पत्त्यावरच्या क्रमांकित दारावर). आवाज वाहून नेतो आरटीपी हा दुसरा प्रोटोकॉल, वेगळ्या पोर्टवर आणि अनेकदा वेगळ्या वाटेने. आवाज कुठे पाठवायचा ते सिपच्या संदेशाच्या पोटात एका ओळीत लिहिलेलं असतं: ‘सी=आयएन आयपी४ १९२.१६८.२०.४५’. पोर्टचा आकडा आणि चालणारे कोडेक (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धती) शेजारच्या ओळीत असतात.

गडबड इथेच आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी. लाखो ऑफिसांत तेच वापरात असल्यामुळे इंटरनेटवर त्यांना वाट नाही. बाहेर जाताना राउटर पाकिटावरचा पत्ता बदलून आपला सार्वजनिक पत्ता घालतो, आतली चिठ्ठी, म्हणजे सिपच्या संदेशातली ती ओळ, मात्र तशीच राहते. समोरचा ती चिठ्ठी वाचून १९२.१६८.२०.४५ कडे आवाज पाठवतो आणि तो कुठेच पोचत नाही. आपला आवाज सार्वजनिक पत्त्यावरच्या सर्व्हरकडे निघालेला असतो, म्हणून तो व्यवस्थित जातो.

राउटरमधलं सिप एएलजी हे फीचर ही चिठ्ठी दुरुस्त करण्यासाठीच दिलेलं असतं, पण बऱ्याच राउटरांत ते अर्धवट काम करून ठेवतं. ते बंद करावं, असंच आमचं मत. खरी दुरुस्ती सर्व्हरवर होते: चिठ्ठीतल्या पत्त्यावर विसंबायचं नाही, आवाजाची पॅकेटं ज्या पत्त्यावरून आली त्याच पत्त्यावर उत्तर पाठवायचं.

कॉल दर वेळी ३२ सेकंदांनीच तुटत असेल, तर तोही याच घराण्यातला दोष. फोन उचलल्याचा संदेश मिळाला, ही पोच परत यायला हवी. ती चुकीच्या पत्त्यावर गेली की उचलणारी बाजू तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवते आणि सिपच्या नियमातली ३२ सेकंदांची मुदत संपल्यावर कॉल बंद करते.

बाहेर फोन लागतो पण आत येणारा वाजत नाही, याचं कारण वेगळं. ‘मी या पत्त्यावर आहे’ ही नोंदणी फोन अनेकदा ३,६०० सेकंदांनी एकदा करतो, तर राउटर यूडीपीची (ही पॅकेटं ज्या साध्या प्रोटोकॉलवरून जातात त्याची) शांत पडलेली वाट मिनिटाभरात विसरू शकतो. फोनच्या सेटिंगमध्ये कीप-अलाइव्ह, म्हणजे वाट जागी ठेवणारा छोटा संदेश, ३० सेकंदांच्या खाली ठेवलं की वाट उघडी राहते.

आवाज तुटक येत असेल तर पत्त्यांना हात लावू नका, आधी अपलोड तपासा. जी.७११ कोडेकमध्ये दर सेकंदाला ५० पॅकेटं जातात. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्त्यांची वेष्टणं, म्हणजे एका कॉलला प्रत्येक दिशेने ८० किलोबिट. दहा कॉलना ८०० किलोबिट लागतात, हा भार फारसा नाही. पण त्याच वेळी कुणी मोठी फाइल वर चढवत असेल तर आवाजाची पॅकेटं रांगेत अडकतात. उशिरा आलेलं पॅकेट फोन फेकून देतो, कारण शब्द तोवर पुढे गेलेला असतो. यासाठी आवाजाच्या पॅकेटांवर डीएससीपी ४६ ही ‘आधी मला जाऊ द्या’ सांगणारी खूण असावी आणि राउटरने ती पाळावी. फोन ही खूण सहसा स्वतःच लावतो. राउटरमध्ये मात्र त्यासाठी प्राधान्याचा नियम घालावा लागतो आणि नेमका तोच राहून जातो.