देखभाल

एखादी वस्तू, वास्तू, जनावर किंवा माणूस चांगल्या स्थितीत राहावा म्हणून सतत दिलेले लक्ष आणि घेतलेले कष्ट म्हणजे देखभाल. बिघडलेले नीट करणे ही दुरुस्ती. बिघडू नये म्हणून आधीपासून केले जाते ती देखभाल. सरकारी निविदांत ‘देखभाल व दुरुस्ती’ असे शब्द जोडीने येतात ते यामुळेच. काही खाती ‘परिरक्षण’ असाही शब्द वापरतात, पण तो बोलण्यात रुळलेला नाही.

देखभाल या शब्दाच्या मुळाशी पाहणे आहे. ‘निगा’ हा फारसी ‘निगाह’वरून आला, त्याचाही अर्थ नजर. ‘शुश्रूषा’ संस्कृतात मुळात ऐकण्याची इच्छा दाखवतो. काळजी घेण्याचे हे तिन्ही शब्द हातांच्या कामाआधी डोळे-कानांकडे बोट दाखवतात, आणि ते फार अचूक आहे.

समानार्थी शब्द पुष्कळ असले तरी ते एकमेकांच्या जागी सरसकट बसत नाहीत. झाडांची जोपासना, मुलांचे संगोपन, आजाऱ्याची शुश्रूषा, म्हाताऱ्या आईवडिलांचा सांभाळ, पडक्या भिंतीची डागडुजी. यंत्राचे संगोपन कोणी म्हणत नाही. सर्वांत जास्त गल्लत ‘देखरेख’ या शब्दाची होते. देखरेखीत दुसऱ्याच्या कामावर नजर ठेवणे असते. देखरेख करणारा मुकादम स्वतः कामाला हात लावेलच असे नाही.

पैशाच्या किंवा अन्नवस्त्राच्या आधारासाठी शब्दांचे वेगळे कूळ आहे: निर्वाह, उदरनिर्वाह, चरितार्थ, भरणपोषण. निलंबित कर्मचाऱ्याला मिळतो तो निर्वाह भत्ता. ‘योगक्षेम’ याहून व्यापक आहे: नसलेले मिळवणे हा योग, मिळालेले राखणे हे क्षेम. भगवद्गीतेतील ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ हे वचन भारतीय आयुर्विमा महामंडळाने ब्रीद म्हणून घेतले आहे.

‘पोटगी’ म्हटले की घटस्फोटित पत्नीच डोळ्यांसमोर येते. कायद्याची व्याप्ती मात्र मोठी आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 मधील कलम 125 आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम 144 यांनुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी, मुले आणि आईवडीलही पोटगी मागू शकतात. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 मध्ये तर निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार हे सगळे धरले आहे. नावातले ‘पोट’ त्यापुढे तोकडे पडते. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा स्वतंत्र कायदा असून त्यात दाद न्यायाधिकरणाकडे मागायची असते.

बोलीत या दोन्ही कुळांवर आता ‘मेंटेनन्स’ पसरला आहे. गृहनिर्माण संस्थेची मासिक वर्गणीही मेंटेनन्स आणि कुटुंब न्यायालयातला दावाही मेंटेनन्सचा; कोणता अर्थ घ्यायचा ते संदर्भावरून ठरते.