टोर्नॅडो की डाउनबर्स्ट? पडलेल्या झाडांची दिशा पाहा

गडगडाटी वादळ येऊन जातं. पंधरा-वीस मिनिटांत छपरं उडालेली असतात, विजेचे खांब आडवे झालेले असतात, जुनी झाडं मुळासकट उपटलेली असतात. वाचलेली माणसं सांगतात की कान बधिर व्हावेत असा आवाज होता, अंधारून आलं, समोरचं काही दिसेना. आणि बहुतेकदा तोंडी एकच शब्द येतो: टोर्नॅडो. एवढी नासधूस साध्या वाऱ्याने होईलच कशी, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ती होऊ शकते. गडगडाटी ढगातून एकदम खाली कोसळणारी आणि जमिनीवर आपटून चहूकडे सुसाट पसरणारी हवा, म्हणजे डाउनबर्स्ट, हे सगळं करू शकते.

अशा ठिकाणी पाहणीला जाणारे हवामानशास्त्रज्ञ नुकसान किती झालं हे नंतर पाहतात. आधी पाहतात ते दिशा. कोणतं झाड कुठे तोंड करून पडलं, पत्रा कुठून उडून कुठे गेला. टोर्नॅडोत हवा एका अरुंद, वेगाने फिरणाऱ्या स्तंभाकडे खेचली जाते, त्यामुळे मार्गाच्या दोन्ही बाजूंची झाडं आत, मधल्या रेषेकडे झुकून पडतात. डाउनबर्स्टमध्ये उलट. नळाची जोरदार धार फरशीवर पडून जशी सगळीकडे फाकते तशी हवा फाकते, आणि झाडं एका केंद्रापासून बाहेरच्या दिशेने लोळलेली दिसतात. प्रत्यक्ष जमिनीवर चित्र इतकं स्वच्छ नसतं, हेही सांगायला हवं. वेगाने पुढे सरकणारा कमजोर टोर्नॅडो बहुतेक झाडं एकाच दिशेला पाडतो आणि आत झुकलेली मोजकीच सापडतात. म्हणून वरून, विमानातून किंवा ड्रोनमधून काढलेली छायाचित्रं फार मोलाची ठरतात.

हा फरक ज्याने जगाला दाखवला तो माणूस म्हणजे तेत्सुया फुजिता. टोर्नॅडोची तीव्रता मोजणारी 1971ची एफ-श्रेणी त्याचीच. जपानमध्ये 1920 साली जन्मलेला हा संशोधक 1945 साली अणुबॉम्बनंतरच्या नागासाकी आणि हिरोशिमात पाहणीसाठी गेला होता. स्फोट हवेत, जमिनीपासून बराच वर झाला होता. त्याचा धक्का खाली येऊन बाहेर पसरला होता, आणि झाडं ताऱ्याच्या किरणांसारखी बाहेरच्या बाजूला पडली होती. ती आकृती त्याच्या डोक्यात राहिली. पुढे तो शिकागो विद्यापीठात गेला. 3 आणि 4 एप्रिल 1974 या दोन दिवसांत अमेरिकेत 148 टोर्नॅडो झाले, तेव्हा त्यांचे माग त्याने विमानातून पाहिले. त्यात काही ठिकाणी वेगळीच आकृती दिसली: फिरल्याची खूण नाही, नुसती केंद्रातून बाहेर लोळलेली झाडं. ती त्याने पूर्वी पाहिलेली होती.

दुसऱ्याच वर्षी, 24 जून 1975 रोजी, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं 66 क्रमांकाचं उड्डाण धावपट्टीच्या आधीच कोसळलं आणि 113 माणसं गेली. त्याच मार्गाने आधी आलेली काही विमानं सुखरूप उतरली होती. एकाने मात्र वारा अचानक बदलल्यामुळे उतरणं सोडून दिलं होतं. एकाच धावपट्टीवर काही मिनिटांच्या अंतराने इतका फरक कसा? फुजिताने नोंदी तपासून निष्कर्ष काढला की विमान एका लहान, तीव्र, खाली कोसळणाऱ्या झोतात सापडलं. डाउनबर्स्ट हे नाव त्याने याच झोताला दिलं. चार किलोमीटरपेक्षा कमी पसाऱ्याचा झोत असेल तर त्याला मायक्रोबर्स्ट म्हणतात.

अनेक सहकाऱ्यांना हे पटलं नाही. ढगातून थंड हवा खाली येते आणि तिची आघाडी पुढे सरकते हे माहीत होतं, त्यात नवीन काय, असा आक्षेप होता. आपल्या म्हणण्याला मोजमापांचा आधार मिळवण्यासाठी त्याने 1978 साली उत्तर इलिनॉयमध्ये आणि 1982 साली सहकाऱ्यांसह डेन्व्हरजवळ डॉप्लर रडार, म्हणजे हवेतल्या थेंबांची हालचाल मोजणारं रडार, लावून मोहिमा केल्या. मायक्रोबर्स्ट रडारवर दिसले, आणि अपेक्षेपेक्षा खूप जास्त दिसले. मला या गोष्टीतली सर्वांत मोठी बाब ही वाटते की एका माणसाने झाडांच्या दिशेवरून एक वादळी यंत्रणा ओळखली आणि उपकरणांनी तिला नंतर दुजोरा दिला.

आता ही दोन्ही प्रकरणं ढगात तयार कशी होतात ते पाहू, कारण पूर्वानुमानाचा सगळा खेळ तिथेच आहे.

डाउनबर्स्टची गोष्ट वजनाची आणि थंडाव्याची. ढगात वर तोलून धरलेलं पाणी आणि गारा खाली येऊ लागतात, तेव्हा त्या सोबत हवा ओढतात. वाटेत कोरडी हवा मिळाली तर पाण्याचं बाष्पीभवन होतं, गारा वितळतात, आणि या दोन्ही क्रिया भोवतालच्या हवेतली उष्णता शोषून घेतात. थंड झालेली हवा जड होते आणि आणखी वेगाने कोसळते. ढगाचा तळ उंच आणि खालची हवा कोरडी असेल तर पाऊस जमिनीपर्यंत पोचतही नाही, वाटेतच विरतो, पण झोत मात्र पोचतो. वैमानिकाच्या दृष्टीने हा प्रकार फार फसवा, कारण खाली पावसाची भिंत दिसत नाही, नुसती धूळ उडते.

टोर्नॅडोला लागते ती फिरत, म्हणजे हवेचं गोल फिरणं. जमिनीलगत वारा एका दिशेने आणि वर दुसऱ्या दिशेने, जास्त वेगाने वाहत असेल तर मधल्या थरात आडवा पीळ तयार होतो. वर चढणारी जोरदार हवा तो पीळ उभा करते आणि अख्खा ढगच फिरू लागतो. अशा ढगाला सुपरसेल म्हणतात. पण फिरणारा ढग म्हणजे टोर्नॅडो नव्हे. बहुतेक फिरणारे ढग टोर्नॅडो न करताच विरतात. जमिनीलगतची फिरत कुठून येते, हा या क्षेत्रातला मोठा प्रश्न, आणि त्याच्या उत्तरात चमत्कारिक वळण आहे: तिथेही खाली येणारी हवा लागते. सुपरसेलच्या मागच्या बाजूने उतरणारा प्रवाह जमिनीजवळ फिरत निर्माण करतो, आणि वर चढणारी हवा ती आवळत नेते.

म्हणजे ज्या खाली उतरणाऱ्या हवेपासून डाउनबर्स्ट होतो, तिच्याच एका प्रकाराची टोर्नॅडोलाही गरज असते. मग फरक कशाने पडतो? 1994-95 सालच्या व्होर्टेक्स मोहिमेत आणि नंतरच्या कामात गाड्यांवर उपकरणं बसवून संशोधकांनी वादळाच्या पोटातलं तापमान मोजलं. टोर्नॅडो करणाऱ्या वादळांत मागचा उतरता प्रवाह तुलनेने उबदार असतो, न करणाऱ्यांत बऱ्याचदा जास्त थंड, असं दिसलं. अति थंड हवा जमिनीला चिकटून बाहेर पसरते, तिला पुन्हा वर उचलून आवळणं अवघड जातं. थोडी उबदार असेल तर उचलली जाते. काही अंशांचा फरक, आणि वादळाचा स्वभाव बदलतो. म्हणूनच टोर्नॅडोचा अंदाज घेताना खालच्या एका किलोमीटरमधला वाऱ्याचा पीळ आणि दमट हवा, म्हणजे ढगाचा तळ कमी उंचीवर असणं, याकडे लक्ष असतं. डाउनबर्स्टसाठी मधल्या थरांतली कोरडी हवा आणि उंचीनुसार झपाट्याने घटणारं तापमान बघतात.

रडारच्या पडद्यावर या दोघांचं नातं फार सुंदर दिसतं. डॉप्लर रडार हवेतले थेंब रडारकडे येताहेत की दूर जाताहेत एवढंच सांगू शकतं. अमेरिकेत रूढ असलेल्या रंगांत येणारे हिरवे, जाणारे लाल. फिरणारा स्तंभ असेल तर त्याची एक बाजू रडारकडे येते आणि दुसरी दूर जाते, म्हणून हिरवा आणि लाल ठिपका रडारपासून सारख्याच अंतरावर, शेजारी शेजारी दिसतात. 24 मे 1973 रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीच्या टोर्नॅडोत नॉर्मनच्या राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळेच्या रडारने अशी खूण टिपली आणि इशाऱ्यांचं शास्त्र बदललं. डाउनबर्स्टमध्ये अलीकडची हवा रडारकडे येते आणि पलीकडची दूर जाते, म्हणून हिरवा ठिपका जवळ आणि लाल त्याच्या मागे. तीच जोडी, फक्त नव्वद अंशांत वळलेली.

ही खूण दिसते तेव्हा मात्र उशीर झालेला असू शकतो. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वाकते. शंभर किलोमीटर अंतरावर सर्वांत खालचा झोतही जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचावर असतो आणि त्याची रुंदीही दीड किलोमीटरहून जास्त होते. टोर्नॅडो बहुधा त्यापेक्षा अरुंद, म्हणून दिसतो तो वरचा मोठा फेरा. डाउनबर्स्टचा पसारा जमिनीलगतच्या काहीशे मीटरांत, म्हणून तो रडारच्या झोताच्या खालून निसटतो. शिवाय आकाशाची पूर्ण फेरी घ्यायला नेहमीच्या रडारला चार ते सहा मिनिटं लागतात आणि मायक्रोबर्स्टचा जोर तेवढ्यात ओसरतो. त्यामुळे त्याच्यासाठी वरच्या खुणा पाहाव्या लागतात: पावसा-गारांचा दाट गाभा झपाट्याने खाली येतोय का, मधल्या उंचीवर हवा आत ओढली जातेय का. दुहेरी ध्रुवीकरणाचं रडार, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणारं रडार, गारा कुठे वितळताहेत ते सांगतं. टोर्नॅडोच्या बाबतीत हेच रडार हवेत उडालेला पालापाचोळा आणि घरांचे तुकडे ओळखतं. रात्री, पावसाआड लपलेल्या टोर्नॅडोची ती खात्रीची साक्ष असते, पण तोवर कुणाचं तरी घर गेलेलं असतं.

दोन्हींच्या संशोधनाला आलेलं यश सारखं नाही. विमानतळांजवळचे मायक्रोबर्स्ट आज मोठ्या प्रमाणात आवाक्यात आले आहेत. 1982 साली न्यू ऑर्लिन्सजवळ आणि 1985 साली डॅलस-फोर्ट वर्थला आणखी मोठे अपघात झाले. 1988 साली अमेरिकेत प्रवासी विमानांत वाऱ्यातल्या अशा बदलाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. नव्वदच्या दशकात मोठ्या विमानतळांजवळ खास डॉप्लर रडार बसले. ते जवळ असतात आणि जमिनीलगतचा थर दर मिनिटाला तपासतात. वैमानिकांनाही शिकवलं गेलं की आधी समोरून वारा लागून विमान उचललं जातं, तेव्हा इंजिनाची शक्ती कमी करायची नाही, कारण पुढच्या क्षणी खाली दाबणारा झोत आणि मग मागून येणारा वारा असतो. इतक्या थोड्या वर्षांत संशोधनाने इतके जीव वाचवल्याची उदाहरणं हवामानशास्त्रात फार नाहीत. टोर्नॅडोचं काम त्याहून आधी सुरू झालं होतं. फॉबुश आणि मिलर या हवाई दलाच्या दोन अधिकाऱ्यांनी ओक्लाहोमातल्या टिंकर तळासाठी 25 मार्च 1948 रोजी वर्तवलेला टोर्नॅडो त्याच दिवशी आला. तरीही आज इशारा सरासरी दहा-बारा मिनिटंच आधी मिळतो आणि दहांतले सुमारे सात इशारे खोटे ठरतात. फिरणारा ढग दिसतो, तो टोर्नॅडो करेल की नाही हे दिसत नाही.

डाउनबर्स्टला दुय्यम मानण्याची सवय मला खरोखर घातक वाटते. 1 ऑगस्ट 1983 रोजी वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज हवाई तळावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं विमान उतरलं आणि काही मिनिटांत तिथे ताशी सुमारे 240 किलोमीटरचा झोत नोंदला गेला. अशा झोतांची साखळी एका रांगेत शेकडो किलोमीटर धावत जाते तिला डेरेचो म्हणतात. 10 ऑगस्ट 2020च्या डेरेचोत आयोवातल्या सीडर रॅपिड्सजवळ वाऱ्याचा वेग ताशी 225 किलोमीटरपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. फुजिताच्या एफ-श्रेणीच्या सुधारित रूपात, म्हणजे 0 ते 5 अशा ईएफ-श्रेणीत, तो ईएफ-3 गटात बसला असता, आणि बहुतेक टोर्नॅडो ईएफ-0 किंवा ईएफ-1 गटातलेच असतात. नुकसान झालं सुमारे 1,100 कोटी डॉलरचं. टोर्नॅडोचा पट्टा अरुंद असतो, डेरेचो अख्खे जिल्हे व्यापतो. सर्वांत टोकाचा वेग मात्र टोर्नॅडोचाच: 3 मे 1999 रोजी ओक्लाहोमात ट्रकवर बसवलेल्या रडारने ताशी सुमारे 480 किलोमीटर मोजला, आणि डाउनबर्स्ट तिथवर पोचत नाही.

एकाच वादळरांगेत दोन्ही घडतात, हेही विसरू नये. सरळ वाऱ्याच्या, म्हणजे न फिरणाऱ्या, डाउनबर्स्टसारख्या वाऱ्याच्या रांगेत काही मिनिटांपुरते लहान टोर्नॅडो उभे राहतात आणि विरतात, आणि पाहणी पथकाला एकाच शिवारात दोन्ही आकृत्या एकमेकींवर पडलेल्या सापडतात.

माणसाने काय करायचं ते मात्र बहुतेक सारखंच: भक्कम इमारतीत, सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून दूर. अडचण इशाऱ्याच्या नावात होती. अमेरिकेत टोर्नॅडोचा इशारा मोबाइलवर जोराने वाजायचा आणि सरळ वाऱ्याचा इशारा ‘तीव्र गडगडाटी वादळ’ या नावाखाली ताशी 93 किलोमीटर वाऱ्यापासून पुढच्या सगळ्यांना सारखाच लागू व्हायचा, फोन मात्र गप्प. ऑगस्ट 2021 पासून त्यात पायऱ्या आल्या. वारा ताशी सुमारे 130 किलोमीटर किंवा गारा सात सेंटिमीटरच्या होणार असतील, तर इशाऱ्याला ‘विध्वंसक’ अशी खूण लागते आणि त्या भागातले फोन टोर्नॅडोच्या इशाऱ्याप्रमाणेच वाजतात.