कार्डावरची कावीळ आणि डोळ्यांतली कावीळ

केज तालुक्यातल्या एका ओसरीवर सासूबाईंनी पिशवीतून सुनेचं माता-बाल संरक्षण कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. "ह्यावर कावीळ निगेटिव्ह लिवलंय की. मग हिचे डोळे पिवळे कशानं?" सुनेला सातवा महिना. चार दिवस अन्नाचा वास सहन होईना, लघवी काळ्या चहासारखी. कार्ड खरं होतं, अन् डोळेही खरेच होते.

कार्डावर नोंद होती ती हिपॅटायटिस बीची, म्हणजे बी नावाच्या विषाणूनं यकृताला येणाऱ्या सुजेची. एचबीएसएजी ही तपासणी बी विषाणूच्या आवरणावरचं प्रथिन रक्तात आहे का, एवढंच सांगते. सुनेला झाला होता हिपॅटायटिस ई. त्यासाठी रक्तात ई विरुद्धची आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, शोधावी लागतात. लागण ताजी असली की शरीर आधी हीच बनवतं. ही तपासणी गरोदरपणातल्या नेहमीच्या यादीत नसते, लक्षणं दिसली की डॉक्टर लिहून देतात. आपल्या बोलीत दोन्ही आजारांना शब्द एकच, कावीळ, आणि सगळा घोळ तिथंच होतो.

बी रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडं जातो. आईला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. डोळे स्वच्छ, भूक चांगली. तपासल्याशिवाय कळायचंच नाही, म्हणून ही तपासणी सगळ्यांची करतात. इथं खरी काळजी बाळाची. जन्मताना लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांमध्ये ती कायमची राहते आणि मोठेपणी यकृत पोखरते. पण आधी कळलं तर बाळाला वाचवता येतं : जन्मल्यापासून २४ तासांत लस, शक्यतो १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन, पुढं ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस. रक्तात विषाणू फार असतील तर आईला शेवटच्या तिमाहीत टेनोफोव्हिर हे विषाणू दाबणारं औषध. अंगावर पाजायलाही हरकत नाही. बी निघाला म्हणून सुनेचं ताट-तांब्या वेगळं करणारी घरं मी पाहिलीत, आणि फार वाईट वाटतं. बी ताटातून पसरत नाही.

पाण्यातून येतो तो ई. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की झालं. दिल्लीत १९५५-५६ मध्ये असंच पाणी नळाला आलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो ई होता, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकर विहिरीत रिकामा होतो आणि तिथून घागरी भरतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली गरोदर बाई कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहून कॅनॉलचं, मिळेल ते पाणी पिते. लागण झाल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी डोळे पिवळे होतात, तोवर ते पाणी कुणाच्या लक्षातही नसतं. सरकारी लसीकरणात ईची लस नाही. पाणी खळखळ उकळून पिणं, एवढंच हाती.

इतर माणसं ईमधून बहुधा आपोआप बरी होतात, गरोदर बाईचं तसं नाही. शेवटच्या तिमाहीत ई झाला तर शंभरातल्या २० ते २५ जणी दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यकृत अचानक बंद पडतं. बाई असंबद्ध बोलू लागली, सारखी झोपेत राहिली, हिरड्यांतून रक्त आलं, तर तासही घालवू नये. आणि आपण तेव्हा काय करतो? गळ्यात काविळीची माळ बांधतो आणि ती लांबली की कावीळ उतरली असं मानून ती लांबायची वाट बघतो.

माळवाल्याकडं निघालेली जीप आम्ही त्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्याकडं वळवली. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिली चिठ्ठी लिहिली ती पीटी-आयएनआरची, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायला. यकृत किती थकलंय ते त्यातून आधी कळतं. ईच्या आयजीएमसाठी नळी त्यानंतर भरली. सासूबाईंनी कार्ड पुन्हा पुढं केलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "आजी, हे बीचं आहे. जपून ठेवा, बाळंतपणात लागेल."