वायुवाहिनीतील वायूचा ताळेबंद

नैसर्गिक वायूच्या वाहिनीजाळ्यात किती वायू शिरला, किती बाहेर पडला, वाटेत किती खर्ची पडला आणि किती नळातच उरला, याचा रोज मेळ घालण्याची पद्धत. भारतात हा हिशेबाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी 6 वाजता सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी 6 वाजता संपतो आणि त्याला ‘गॅस डे’ म्हणतात. आरंभीचा साठा आणि आत आलेला वायू यांची बेरीज एका बाजूला; बाहेर गेलेला वायू, कॉम्प्रेसरने (वायू दाबून पुढे ढकलणाऱ्या यंत्राने) जाळलेला वायू, दुरुस्तीसाठी हवेत सोडलेला वायू आणि अखेरचा साठा दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंत जो फरक उरतो, तो ‘बेहिशेबी वायू’.

डिझेलच्या टाकीत पट्टी बुडवून साठा कळतो. वायूच्या बाबतीत ‘एक घनमीटर’ एवढे म्हटल्याने काहीच कळत नाही, कारण दाब वाढला की तेवढ्याच जागेत जास्त वायू मावतो आणि तापमान चढले की कमी. म्हणून सगळे आकडे 15 अंश सेल्सिअस आणि 1.01325 बार निरपेक्ष दाब (निर्वातापासून मोजलेला, समुद्रसपाटीच्या हवेएवढा दाब) या प्रमाण स्थितीवर आणतात. त्या घनमीटराला ‘एससीएम’ म्हणतात. हा फरक घरगुती मीटरपाशीसुद्धा जाणवण्याइतका मोठा आहे. स्वयंपाकघरात वायू हवेच्या दाबापेक्षा सुमारे 21 मिलिबार जास्त दाबाने येतो. मुंबई समुद्रसपाटीला, तर पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर. तिथे हवेचाच दाब 950 मिलिबारच्या आसपास असतो. त्यामुळे तापमान सारखे धरले तरी मीटरवरच्या एका घनमीटरात पुण्यात मुंबईपेक्षा सुमारे 6 टक्के कमी वायू असतो.

ताळेबंदातला सर्वांत अवघड आकडा नळातल्या साठ्याचा, म्हणजे ‘लाइनपॅक’चा. तो मीटरवर वाचता येत नाही, गणितानेच काढावा लागतो. 100 किलोमीटर लांबीचा, आतून 74 सेंटिमीटर व्यासाचा नळ घेतला, तर त्याचे आतले आकारमान सुमारे 43 हजार घनमीटर भरते. सरासरी दाब 60 बारच्या आसपास असला, तर त्यात 27 ते 28 लाख एससीएम वायू मावतो. सरासरी दाबात एका बारची चूक झाली, की सुमारे 46 हजार एससीएमचा घोटाळा! आणि ही सरासरी दोन टोकांचे दाब मिळवून निम्मे करून येत नाही. वायू पुढे सरकताना विरळ होतो, वेग घेतो, त्यामुळे दाब सुरुवातीला हळू आणि शेवटाकडे झपाट्याने उतरतो. एका टोकाला 80 आणि दुसऱ्या टोकाला 50 बार असताना खरी सरासरी 65 नसून 66.15 येते. शिवाय उच्च दाबाला वायू आदर्श वायूच्या नियमाप्रमाणे वागत नाही. त्या नियमापासून तो किती ढळतो हे सांगणारा आकडा, म्हणजे ‘संपीड्यता गुणक’, घटकवायूंच्या प्रमाणावरून काढावा लागतो. हे न करता काढलेला लाइनपॅक म्हणजे निव्वळ अंदाज.

नुसत्या आकारमानाचा मेळ बसून भागत नाही, हे हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनीवरून नीट समजते. गुजरातच्या किनाऱ्यावरून उत्तर प्रदेशापर्यंत जाणाऱ्या या वाहिनीच्या वाटेवर मध्य प्रदेशात विजयपूर आहे. तिथल्या प्रकल्पात वायूमधून एलपीजीसारखे जड घटक काढून घेतात. पुढे जाणारा वायू आकारमानाने घटतो आणि त्याचे उष्णतामूल्य, म्हणजे एक घनमीटर जाळल्यावर मिळणारी उष्णता, हेही उतरते. ही घट गळती नव्हे, तिला ताळेबंदात स्वतंत्र रकाना हवा. दहेजला जहाजाने आलेला द्रवरूप वायू पुन्हा वायुरूप करून जाळ्यात सोडतात. त्याचे उष्णतामूल्य देशी वायूपेक्षा निराळे असते. म्हणून क्रोमॅटोग्राफने घटक तपासून हिशेब उष्णतेत मांडतात. विक्रीचे एकक ‘एमएमबीटीयू’ आहे, म्हणजे सुमारे 2 लाख 52 हजार किलोकॅलरी. मुंबई हायचा वायू उरणला उतरतो, तिथेही जड घटक वेगळे काढतात.

एकाच नळातून अनेक मालकांचा वायू वाहतो. तो मिसळलेला असल्याने कुणाचा रेणू कुणाकडे गेला हे शोधणे निरर्थक ठरते. मालकांनी आदल्या दिवशी दिलेली मागणी, म्हणजे ‘नॉमिनेशन’, आणि ठरलेले वाटपाचे नियम यांवरून प्रत्येकाच्या खात्यावर वायू टाकतात. पोहोचलेल्या मालाच्या नोंदीवर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी सह्या करतात. तिला ‘जॉइंट तिकीट’ म्हणतात.

बेहिशेबी वायू म्हटले की चोरी किंवा गळती मनात येते. मोठ्या वाहिन्यांत मात्र प्रथम संशय मीटरवर घ्यावा. रोज 1 कोटी एससीएम वाहत असेल तर एक टक्का चूक 1 लाख एससीएमची होते. एका घराच्या स्वयंपाकाला दिवसाला साधारण अर्धा घनमीटर धरला, तर ही दोन लाख घरांची चूल झाली. इकडे थोडे जास्त, तिकडे थोडे कमी अशा विस्कळीत चुका अनेक मीटरांत एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. एकाच दिशेची चूक मात्र रोज साठत जाते. ऑरिफिस मीटर नळात छिद्राची चकती बसवून तिच्या दोन बाजूंच्या दाबांतल्या फरकावरून प्रवाह मोजतो. त्या चकतीची धार बोथट झाली किंवा चकती उलटी बसवली गेली, तर मीटर कमी दाखवतो. अशी चकती बाहेर पडण्याच्या ठिकाणी असेल तर वायू हरवल्यासारखा वाटतो. प्रवेशाच्या ठिकाणी असेल तर वायू ‘वाढतो’. ऋण बेहिशेबी वायू पाहून समाधान मानणे म्हणूनच धोक्याचे. तोही बिघाडच सांगतो.

छोटी गळती या हिशेबात सापडत नाही, मापनाच्या अनिश्चिततेत ती बुडून जाते. मिथेन हा शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवणारा वायू आहे, त्यामुळे ही उणीव किरकोळ समजता येत नाही. अशा गळतीसाठी वायुशोधक उपकरण घेऊन वाहिनीच्या वाटेने फिरावे लागते.