जिओकॅशिंग : संरक्षित ग्रामीण निसर्गप्रदेशातील

जीपीएसच्या मदतीने, दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर दडवलेली डबी शोधून काढण्याचा मैदानी खेळ. डबीत नोंदवही असते. डबी सापडली की त्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबी होती तशी परत ठेवायची आणि हा शोध खेळाच्या संकेतस्थळावर नोंदवायचा.

२ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएस संदेशांत मुद्दाम घातलेला दोष काढून टाकला. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे स्थान इंटरनेटवर जाहीर केले. खेळ सुरू झाला तो असा पुरण्यातून. आज मात्र जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा खणून डबी पुरायला मनाई आहे. खेळाचा पूर्वज मात्र इंग्लंडच्या डार्टमूरमध्ये सापडतो. तिथे १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम दलदलीच्या जागी, येणाऱ्यांनी आपली कार्डे टाकावीत म्हणून एक बाटली ठेवली. त्यातून दडवलेल्या पेट्या शोधण्याचा 'लेटरबॉक्सिंग' हा खेळ रूढ झाला.

इंग्लंड व वेल्समधील 'नॅशनल लँडस्केप' प्रदेश (२०२३ पर्यंतचे नाव 'एरिया ऑफ आउटस्टँडिंग नॅचरल ब्यूटी', पहिला वेल्समधील गावर, १९५६) म्हणजे माणसांना वगळून राखलेले जंगल नव्हे. त्यांत शेते, गावे, चर्च, जुन्या खाणी आहेत आणि बरीचशी जमीन खाजगी मालकीची आहे. त्यामुळे डबी ठेवण्याआधी जमीनमालकाची परवानगी लागते.

निसर्गाला खरा धोका असतो शेवटच्या दहा मीटरांत. यंत्र तिथवर आणून सोडते, पुढे डोळ्यांनीच शोधावे लागते. झाडांखाली संदेश भरकटतो, शोधणारा घुटमळतो, गवत तुडवले जाते. हळूहळू नवी पायवाट पडते. चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी कुंपणभिंतीत डबी ठेवणे म्हणूनच निषिद्ध मानतात. एक दगड ओढला की शेजारचे सैल होतात आणि शेवाळाखाली वर्षानुवर्षे टिकलेली रचना ढासळू लागते. मुक्त संचाराच्या जमिनीवर (जिथे कोणालाही पायी फिरण्याचा हक्क आहे) १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्र्याला दोन मीटरहून लांब नसलेल्या दोरीने बांधूनच न्यावे लागते, कारण तेव्हा जमिनीवर घरटी करणारे पक्षी अंड्यांवर असतात. अशा अधिवासातील डबीही त्या काळापुरती बंद ठेवणे उत्तम.

वारशाच्या जागी डबी न ठेवताही खेळ रंगवता येतो. अनेक टप्प्यांच्या शोधात मैलाच्या दगडावरचा आकडा किंवा चर्चच्या दारावरचे बांधकाम-वर्ष वाचायचे आणि त्या अंकांतून पुढचे अक्षांश-रेखांश काढायचे. कोडे सुटावे म्हणून माणूस तो शिलालेख अक्षर-अक्षर वाचतो. एरवी तो तिथून सरळ पुढे गेला असता. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या सहभागाने २००४ मध्ये सुरू झालेल्या 'अर्थकॅश'मध्ये डबीच नसते. खडकापाशी उभे राहून थरांची जाडी, रंग किंवा कल पाहायचा आणि उत्तर तो अर्थकॅश तयार करणाऱ्याला पाठवायचे.