'निजामकालीन' टॉकीज आणि 'निझाम' सर्किट

औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज या पट्ट्यातलं जुनं टॉकीज पाडायला घेतलं की बातमीत 'निजामकालीन' हमखास येतं. हा शब्द जपून वापरायला हवा. निजामाची राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपली. कमानी आणि चुन्याचा गिलावा नंतरच्या बांधकामांतही दिसतो. शिवाय संस्थानी दप्तरात फसली सन, म्हणजे महसुली हिशोबाचं साल, चाले. १३५० फसली म्हणजे १९४०-४१; तोच आकडा हिजरी समजून वाचला तर १९३१-३२ निघतं. वास्तूचं वय बसल्या जागी नऊ वर्षांनी वाढतं.

या टॉकीजांवर खरा शिक्का बसला तो दुसऱ्याच 'निझाम'चा. चित्रपट वितरणाच्या धंद्यात देशाची सर्किटं, म्हणजे वितरणाचे विभाग, पाडलेली आहेत. नाशिक 'बॉम्बे'त, विदर्भ 'सीपी-बेरार'मध्ये (जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचं नाव) आणि मराठवाडा 'निझाम'मध्ये. १९५६ ला आपण मराठवाडेकर मुंबई राज्यात आलो, १९५९ ला निजामाच्या संस्थानाचा हाली रुपया बाद झाला, १९६० ला महाराष्ट्र झाला. सर्किट जागचं हललं नाही. मराठी बोलणारे पाच जिल्हे हैदराबादच्या हिशोबात धरले गेले, हे मला आजही खटकतं.

रेल्वेचीही त्याला साथ होती. हैदराबादच्या काचीगुड्याहून मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, थेट औरंगाबादला. मुंबईहून येणारी सिनेमाची पेटी मात्र मनमाडला रुंद रुळांच्या गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायची. पेटीत पत्र्याचे गोल डबे, अडीच तासांच्या सिनेमाची चौदा-पंधरा रिळं. एक रीळ अकरा मिनिटांत संपे, तोवर शेजारच्या प्रोजेक्टरच्या, उजेड देणाऱ्या कार्बनकांड्या पेटवून तयार ठेवायच्या. पेटी आली तर खेळ, आणि खेळ असला तर रस्ता जागा: सायकल स्टँड, पानाचे ठेले, भज्यांची कढई, शेवटचा शो सुटेपर्यंत.

डिजिटल आल्यावर पेटी गेली. त्याआधीच राज्य सरकारच्या २००१ च्या धोरणाने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सूट दिली होती. जुन्या टॉकीजांना ती नव्हती, हा उघड अन्याय होता. मराठी चित्रपट करमुक्त होते, तर जुलै २०१७ ला त्यांच्या स्वस्त तिकिटांवरही १८ टक्के जीएसटी लागला. जागा विकसित करायची तर आधीच्या एक तृतीयांश आसनांचं चित्रपटगृह ठेवा, ही अटही मालकांना जड गेली. काही इमारती म्हणून नुसत्या कुलूपबंद उभ्या राहिल्या.

वितरणाच्या नकाशात मात्र मराठवाडा अजून 'निझाम'च आहे.